चराईचा हक्क अनुदानाच्या आधी

सरकारने पशुपालकाला मदत करावी की नाही, यावर आज फारसे दुमत नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या योजना आहेत, त्यांना निधी मिळतो, अर्ज मागवले जातात, लाभार्थ्यांच्या याद्या लागतात. प्रश्न आहे तो या योजना आखताना कोणता पशुपालक डोळ्यांसमोर ठेवला जातो, हा. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर या तालुक्यांतील मेंढपाळांची आजची स्थिती पाहिली, तर माझ्या मते त्याचे उत्तर मिळते. सरकार मेंढी घेण्यासाठी पैसे देते, तिच्या खाद्यासाठी देते, निवाऱ्यासाठी देते. पण जे रान चरून आणि ज्या वाटेने चालून मेंढी जगते, त्या रानावर आणि त्या वाटेवर मेंढपाळाचा काही हक्क आहे, हे मात्र कायद्यात आणि कारभारात नीट मान्य करत नाही. तो हक्क मान्य होत नाही तोवर अनुदानाचा रुपया पुरता कामी येणार नाही, हे मला या लेखात मांडायचे आहे.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणमध्ये सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पावसातल्या या तफावतीवरच मेंढपाळाचे वर्ष बेतलेले असते. मृगाच्या सुमारास मेंढ्या घराकडे, माणदेशाच्या माळावर परततात, कारण पश्चिमेच्या ओल्या रानात त्यांचे खूर सडतात आणि इकडे माळावर कोवळे गवत फुटू लागलेले असते. दसरा-दिवाळी उलटून माळ वाळू लागला की वाडे, म्हणजे कळपासह फिरणारी मेंढपाळांची बिऱ्हाडे, पश्चिमेकडे निघतात. कोणी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात कराड-वाळव्याकडे जातो, कोणी वाईकडे, कोणी घाट उतरून कोकणात, तर जतकडचे अनेक जण कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या बाजूला वळतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही भटकंती वाटते. वास्तविक बहुतेक वाड्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, पाणवठे ठरलेले असतात, आणि कोणत्या गावी कोणाच्या रानात उतरायचे हेदेखील पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतून ठरत आलेले असते. कमी पावसाच्या मुलखात गवत सगळीकडे एकाच वेळी नसते. ते जिथे आणि जेव्हा असेल तिथे जनावर नेणे, हाच त्या मुलखातला शहाणपणाचा मार्ग आहे.

काढणी झालेल्या रानात वाडा उतरला की घोड्यांवरचे बिऱ्हाड खाली येते, तीन दगडांची चूल मांडली जाते, नुकती जन्मलेली कोकरे डालग्याखाली झाकली जातात, आणि तिन्हीसांजेला परतलेल्या मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, ताणले जाते. रात्रभर मेंढ्या त्या तुकड्यावर बसतात; त्यांच्या लेंड्या आणि मूत्र थेट मातीत जाते. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यावर सरकते, आणि असे करत चार-सहा रात्रींत सारे रान खतावून निघते. मेंढ्या किती आणि रात्री किती, यावर शेतकऱ्याने द्यायचे धान्य किंवा रोख रक्कम ठरते. अनेक वर्षे पाण्याचा आणि रासायनिक खतांचा अतिरेक झाल्याने वाळवा, मिरज, पलूस या भागांतील कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे, सेंद्रिय कर्ब घटला म्हणून शेतीतज्ज्ञ सतत बजावत आहेत. अशा वेळी कोणतेही इंधन न जाळता, स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत येणारे हे खत आहे. रासायनिक खताच्या प्रत्येक गोणीमागे केंद्र सरकारचे अनुदान असते. मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा त्या बसवणाऱ्या मेंढपाळाला मात्र त्यातले काही मिळत नाही. मेंढपाळ हा केवळ मदतीची वाट पाहणारा लाभार्थी नसून शेतीला सेवा पुरवणारा व्यावसायिक आहे, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवी.

हे परस्परांचे नाते आता का विस्कटत आहे, हेही समजून घेतले पाहिजे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जतपर्यंत पोहोचले. माण-खटावात जिहे-कठापूरचे पाणी येत आहे. या पाण्यासाठी दुष्काळी भागाने किती वर्षे लढा दिला हे मी जाणतो आणि त्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. परंतु पाणी आले की रान मोकळे राहत नाही. ज्वारी-बाजरी निघाल्यावर जी शेते काही महिने पडून असत, तिथे आज ऊस, द्राक्ष किंवा डाळिंब उभे आहे. ऊस तुटला तरी खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, राखला जातो, त्यामुळे मेंढरांना आत शिरता येत नाही. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, पूर्वी जनावरांना सहज मिळत, आता ते पेंढीच्या हिशेबाने विकले जाते. बांधावरचे तण तणनाशकाने करपते, आणि फवारलेल्या बागेच्या कडेचा पाला मेंढीने खाल्ला तर विषबाधेची भीती असते. जुन्या वाटांवर रुंद झालेले महामार्ग आडवे आले आहेत. शंभर-दीडशे मेंढ्या घेऊन पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडणे म्हणजे जीव मुठीत धरण्याचे काम आहे. पाण्यामुळे बागायतदाराचे भले झाले, पण त्याच पाण्यामुळे ज्याचे रान गेले त्याला पर्याय काय, हा प्रश्न कोणत्याही सिंचन योजनेच्या आराखड्यात विचारला गेल्याचे दिसत नाही.

आता योजनांकडे येऊ. मेंढपाळांसाठी राज्याची सर्वांत ठळक योजना म्हणजे २०१७ साली सुरू झालेली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना. भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर समाजाच्या, प्रवर्गातील मेंढपाळाला २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळावा, शिवाय सुधारित नर, पायाभूत सुविधा, समतोल खाद्य, मुरघासाची यंत्रे यांसाठीही साहाय्य मिळावे, अशी तिची रचना आहे. स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळाचा तिच्यात वेगळा विचार केला आहे, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पुढे तिला चराई अनुदानाची जोड मिळाली: जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये. पावसाळ्यात घरच्या माळावर चराई अपुरी पडते, हे सरकारने प्रथमच पैशाच्या रूपाने मान्य केले. पण त्यातच या धोरणाची मर्यादाही दिसते. पैसे हातात आले तरी त्यांनी विकत घ्यायचे रान कुठे आहे? आणि उरलेले आठ महिने, जेव्हा वाडा परमुलखात असतो, तेव्हाच्या चराईचे काय? वीस-एकवीस मेंढ्यांवर फिरस्तीचे कुटुंब जगत नाही, हे मेंढपाळाशी घटकाभर बोलले तरी कळते. त्यामुळे योजनेतल्या मेंढ्या आधीच्या कळपात मिसळतात आणि त्याच घटत्या रानावर आणखी तोंडांचा भार पडतो.

केंद्राचा राष्ट्रीय पशुधन अभियानाचा नवा आराखडा तर याहून वेगळ्या दिशेचा आहे. त्यात १०० माद्या व ५ नर यांच्या प्रकल्पाला १० लाखांपर्यंत, आणि ५०० माद्या व २५ नरांच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत, भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान मिळते. त्यासाठी जमीन हवी, शेड हवी, प्रकल्प अहवाल हवा आणि बँकेची तयारी हवी. ज्यांच्याकडे हे सारे आहे त्यांनी बंदिस्त शेळी-मेंढीपालन जरूर करावे, त्यातून मांसाचा पुरवठा वाढेल. माझा आक्षेप एवढाच की, हेच पशुपालनाचे भविष्य आणि फिरस्ती हा मागासलेपणा, असे समीकरण त्यातून रूढ होते. बंदिस्त मेंढीला मका लागतो, घास लागतो, पेंड लागते आणि या सगळ्याला पाणी लागते. माणदेशासारख्या मुलखात ज्या जनावराचा सर्वांत मोठा गुण विकतच्या चाऱ्याशिवाय माळाचे गवत मांसात आणि खतात बदलणे हा आहे, त्याला विकतच्या चाऱ्यावर नेऊन बांधणे आणि त्यासाठी सरकारी पैसा ओतणे मला दूरदृष्टीचे वाटत नाही.

गायरानाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्यातला कायद्याचा अडसर फार कमी लोकांच्या लक्षात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवू शकतो. त्यापुढचे कलम २३ मात्र स्पष्ट सांगते की, या जमिनीवरचा चराईचा हक्क ती जमीन ज्या गावाची किंवा ज्या गावांना नेमून दिलेली असेल, त्या गावांच्या गुरांपुरताच आहे. म्हणजे माणमधल्या म्हसवडचा मेंढपाळ कराड तालुक्यातल्या गायरानावर पाय ठेवतो त्या क्षणी त्याचा कायदेशीर आधार संपतो. तिथे त्याला चरू द्यायचे की नाही, हे गावाच्या मर्जीवर अवलंबून राहते. चांगले दिवस होते तोवर ही मर्जी शाबूत होती. चारा आटला, गायरानांवर अतिक्रमणे झाली, की पहिला बाहेर ढकलला जातो तो परगावचा मेंढपाळ. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचे आदेश राज्यांना दिले, त्याला बराच काळ लोटला. दरम्यान गायरानांवर नव्या गरजांची रीघ लागली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू उत्तमच आहे. पण जागा निवडताना तिथे कोण चारते, कोणत्या महिन्यात चारते आणि तिथला पाणवठा कोण वापरते, याची चौकशी व्हायला हवी. ग्रामसभेत स्थानिक पशुपालक निदान बोलू तरी शकतो. त्या वेळी शंभर किलोमीटरवर असलेल्या मेंढपाळाला ठरावाची वार्ताही लागत नाही.

सरकारच्या स्वतःच्या जमिनीबाबतही हीच वृत्ती दिसते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची माणमध्ये दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला प्रक्षेत्रे आहेत. रांजणीच्या विस्तीर्ण जागेवर ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर असलेले मालवाहतूक केंद्र, उभारण्याचा प्रस्ताव काही वर्षांपूर्वी चर्चेत होता. माळ म्हणजे रिकामी जागा, तिच्यावर काहीही उभारता येते, ही समजूत किती खोलवर रुजली आहे हे त्यावरून कळते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळांची गणना होत आली आहे, ती याच समजुतीने.

वनखात्याच्या ताब्यातील माळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रोपवन केले की ते क्षेत्र चराईला बंद होते. सलग समतल चर खोदले जातात, ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली जातात. आदर्श गावांच्या चळवळीने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही गावोगाव नेली. माण-खटावातल्या अनेक गावांनी श्रमदानाने पाणी अडवले, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. काही वर्षांच्या बंदीने माळ सावरतो, हेही खरे आहे. सतत आणि अतोनात चराई झाली की मारवेल, पवना यांसारखी चांगली गवते संपतात आणि कुसळी तेवढी उरते. ती कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि कातड्यात रुततात, त्यामुळे जाणता मेंढपाळही असे रान टाळतो. तेव्हा चराईने रानाचे नुकसान होतच नाही, असे मी म्हणणार नाही. पण बंदीला मुदत हवी. गवत एकदा सावरल्यावर ते कापणी किंवा चराईशिवाय तसेच राहिले तर वाळून साचते, नवा फुटवा दाबला जातो आणि उन्हाळ्यात वणव्याला इंधन मिळते. आपल्या कोरड्या माळांवरची गवते, तिथला लांडगा, खोकड आणि चरणारे कळप हे हजारो वर्षे एकत्र नांदत आले आहेत. त्या माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे निसर्गाचे पुनरुज्जीवन, असे मानणे पर्यावरणाच्या दृष्टीनेही चूक आहे.

यावर उपाय अवघड नाही. वनखात्याच्या कार्ययोजनेत माळांचे भाग पाडावेत, त्यातले काही आळीपाळीने बंद आणि काही ठरावीक महिन्यांत खुले ठेवावेत, आणि वाड्यांना कळपाच्या आकारानुसार हंगामी पास द्यावेत. हिमाचल प्रदेशात गद्दी मेंढपाळांना वनखात्याचे चराई परवाने दीर्घकाळापासून आहेत. त्या व्यवस्थेबद्दल तक्रारी आहेत, पण परवानाधारक मेंढपाळ तिथे निदान चोर ठरत नाही. आपल्याकडे मेंढपाळ वनरक्षकाच्या नजरेआड चारतो, पकडला गेला की दंड भरतो, दंडाची पावती मिळतेच असे नाही, आणि या लपाछपीत रानाचे संवर्धनही होत नाही. ज्याला उद्या पुन्हा इथेच चारायचे आहे याची खात्री असते, तोच आज रान राखून चारतो.

कायद्याचा आधार तर आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या पारंपरिक हंगामी वापराचा हक्क नोंदवलेला आहे. अडचण पुराव्याची आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या समाजाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो आणि दावा ग्रामसभेमार्फत पुढे जातो. ज्याचे मूळ गाव एका तालुक्यात आणि चराई दुसऱ्या चार तालुक्यांत, त्याने कोणत्या ग्रामसभेपुढे जायचे? सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पाटण-जावळीकडच्या गवळी-धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा असला तरी मुळाशी हाच गुंता आहे. यात जिल्हास्तरीय समितीला स्वतःहून पुढाकार घेता येतो. भटक्या आणि पशुपालक समाजांचे दावे सुलभ करण्याची जबाबदारी नियमांनीच तिच्यावर टाकली आहे. जुन्या चराई पावत्या, वयस्कर माणसांचे जबाब, वाटेवरच्या शेतकऱ्यांची साक्ष, देवस्थानांच्या यात्रांशी जोडलेले मुक्काम, हा सगळा पुरावा गोळा करता येण्यासारखा आहे, आणि तो सांगणारी पिढी अजून हयात आहे.

नुकसानभरपाईत तर विसंगती उघड दिसते. लांडग्याने किंवा बिबट्याने मेंढी मारली तर राज्याच्या वनविभागाकडून बाजारभावाच्या ७५ टक्के, कमाल १५,००० रुपयांपर्यंत भरपाई देय आहे. तीच मेंढी वीज पडून, पुरात किंवा अवकाळी पावसात दगावली तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातील आपत्ती निकषांनुसार मिळतात ४,००० रुपये, आणि तेही एका कुटुंबाला ३० लहान जनावरांपर्यंत. राज्याने एखाद्या आपत्तीत ही मर्यादा शिथिल केली तरी मूळ नियम तोच राहतो. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला थंडीबरोबर आलेल्या अवकाळी पावसाने पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावरच्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. समजा अशा रात्री दीडशेपैकी साठ मेंढ्या गेल्या, तर निकषांप्रमाणे हातात १ लाख २० हजार येतील. उरलेल्या तीस मेंढ्यांची नोंद पंचनाम्यात होईल, भरपाई होणार नाही. दोन-तीन म्हशी असलेल्या घराला पुरी पडणारी मर्यादा कळपावर जगणाऱ्या कुटुंबाला लावली, म्हणून हे घडते. शिवाय पंचनाम्यासाठी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी वेळेत यावे लागतात. परमुलखातल्या रानात, ओळखीचे कोणी नसताना, मेलेली जनावरे कुजण्याआधी हे घडवून आणणे किती कठीण असते, याची कल्पना कार्यालयात बसून येत नाही. राज्याने स्वतःच्या निधीतून मेंढीची भरपाई दोन्ही प्रसंगी सारखी करावी, मर्यादा कळपाच्या प्रमाणात ठेवावी, आणि जिथे घटना घडली तिथल्या कार्यालयाने मेंढपाळाचे गाव न पाहता पंचनामा करणे बंधनकारक करावे. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला यासाठीच ओळखपत्र म्हणून उपयोगी पडेल. तो केवळ अटीपुरता न राहता मेंढपाळाच्या हक्काचा पुरावा व्हावा.

दुष्काळातल्या चारा छावण्यांची रचनाही गायी-म्हशींच्या हिशेबानेच होत आली. मेंढी दावणीला बांधून वैरण टाकण्याचे जनावर नाही, त्यामुळे मेंढपाळाला छावणीपेक्षा मोकळे रान, पाण्याचे टँकर आणि वाटेतला खाद्यपुरवठा जास्त उपयोगी पडेल. पशुवैद्यकीय सेवेचे तेच. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी लागते, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाचे लसीकरण तर २०३० पर्यंत रोग हटवण्याच्या जागतिक उद्दिष्टाचा भाग आहे. मेंढ्या जून ते सप्टेंबर घरच्या तालुक्यात असतात, त्या काळात लसीकरणाची मोहीम झाली आणि तिची नोंद पुढच्या प्रत्येक तालुक्यात चालली, तर निम्मे काम होईल. १९६२ या क्रमांकावरची फिरती पशुवैद्यकीय पथके आहेतच. त्यांच्या फेऱ्यांत वाड्यांच्या तळांचा समावेश करायला वेगळा निधीही लागणार नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही जात विकसित केली. आपल्या मातीत झालेले हे पहिल्या दर्जाचे संशोधन आहे. जतच्या माडग्याळ मेंढीची उंची, वाढ आणि बाकदार नाक यांना आटपाडी-खरसुंडीच्या बाजारांत जी किंमत येते, तीही या भागातल्या पशुपालकांच्या निवडीची पावती आहे. पण दोन कोकरांना पाजणाऱ्या मेंढीला दुप्पट चारा लागतो. रान आटत असताना जातीत सुधारणा करून उत्पन्न वाढेल, ही अपेक्षा अर्धीच पुरी होईल. लोकरीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दख्खनी मेंढीची जाडी-भरडी लोकर आज कातरणीचा खर्चही भरून काढत नाही, म्हणून अनेक जण ती टाकून देतात. महामंडळाने ठरावीक दराने खरेदी करून ती घोंगडी, गाद्या, शेतीतले आच्छादन अशा कामांकडे वळवावी.

धनगर समाजाच्या अनुसूचित जमातीतील समावेशाची मागणी अनेक वर्षे चालू आहे, आणि २०१९ मध्ये राज्याने या समाजासाठी १,००० कोटींच्या योजना जाहीर केल्या त्या याच मागणीच्या पार्श्वभूमीवर. आरक्षणाचा निर्णय घटनात्मक चौकटीत व्हायचा तेव्हा होईल. पण मेंढ्या राखणाऱ्याच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न त्या निर्णयावर टांगून ठेवण्याचे कारण नाही. चराईचा हक्क, वाटेची सुरक्षितता आणि भरपाई यांसाठी कोणत्याही यादीत बदल करावा लागत नाही. जतच्या सीमेपलीकडे कर्नाटकाने २०२५ मध्ये स्थलांतरित मेंढपाळांचे कल्याण आणि त्यांच्यावरील अत्याचारांपासून संरक्षण यांसाठीचे विधेयक विधिमंडळात मंजूर केले. मेंढ्या चोरीला जाणे, रानात शिरल्याच्या संशयावरून मारहाण होणे, बायका-मुलांना धमकावले जाणे, या गोष्टी आपल्याकडेही घडतात आणि तक्रार नोंदवून घ्यायला टाळाटाळ होते, असे मेंढपाळ सांगतात. एकाच वाटेने दोन्ही राज्यांत चालणाऱ्या वाड्याला सीमेच्या एका बाजूला कायद्याचे संरक्षण आणि दुसऱ्या बाजूला ते नाही, ही स्थिती महाराष्ट्राला शोभत नाही.

पिकांचे नुकसान हा शेतकऱ्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. राखणीत हयगय झाली आणि कळप उभ्या पिकात शिरला तर एका तासात एखाद्याचे वर्ष वाया जाते. म्हणूनच वाट आणि तळ ठरलेले असावेत, असे माझे म्हणणे आहे. वाटेची नोंद असेल, तळाच्या जागा राखलेल्या असतील आणि वाड्याकडे पास असेल, तर नुकसान कोणाकडून झाले हे ठरवता येईल, भरपाई मागता येईल आणि हाणामारीची वेळ येणार नाही. आज दोन्ही बाजूंना दाद मागायला जागाच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांची माहिती प्रथमच वेगळी घेण्यात आली. २०१९ च्या गणनेत राज्यात जवळपास २७ लाख मेंढ्या होत्या. त्यांतल्या किती चालत जगतात, हे आजवर सरकारच्या नोंदीत नव्हते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नवी आकडेवारी तालुकानिहाय जाहीर करावी आणि दसऱ्याच्या आधी महसूल, वन, पशुसंवर्धन, पोलीस हे विभाग व मेंढपाळांचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक घ्यावी. माण-खटावातून कराड-वाळव्याकडे आणि आटपाडी-जतमधून मिरजेकडे जाणाऱ्या मुख्य वाटा नकाशावर आणाव्यात, त्यांवरचे पाणवठे व तळ महसुली नोंदीत राखीव दाखवावेत, महामार्ग जिथे ओलांडावा लागतो तिथे बोगद्याची किंवा पोलीस बंदोबस्ताची सोय करावी. महामेष योजनेच्या तरतुदीतला काही भाग मेंढ्या वाटण्याऐवजी या कामांकडे वळवता येईल. कलम २३ मध्ये हंगामी चराईची आणि मुक्कामाची तरतूद करणारी दुरुस्ती मात्र विधिमंडळालाच करावी लागेल, आणि ती मागण्याची पहिली जबाबदारी या दोन जिल्ह्यांतून निवडून गेलेल्या आमदारांची आहे.